ठाणे-नवी मुंबईतून लोकलने एका दिवसात: फारसं कुणी जात नाही अशी ठिकाणं सुचवा (सोबत ज्येष्ठ आणि मुलं)

कळवेकर

घर कळव्यात, गाडी नाही. लोकल, बस, रिक्षा चालेल. सोबत सासूबाई (वय ७१, सपाटीवर तासभर चालतात, पण पायऱ्या उतरताना गुडघे त्रास देतात) आणि दोन मुलं, ६ आणि ११ वर्षांची. तलावपाळी, उपवन, येऊर, टिटवाळा झालं आहे. लोणावळा-माथेरान नको, तिथे अर्धा दिवस रांगेतच जातो.

पन्नास ठिकाणांची यादी नको. दोन-तीनच सांगा, पण नीट सांगा: कुठे उतरायचं, किती वाजता पोचायचं, पायऱ्या किती, आणि काय बिघडू शकतं. बहुतेक रविवारीच जमेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी डोक्यात आहे. दुपारी चार-पाचपर्यंत घरी परतलो तर उत्तम.

तिवर

खाडीपासून सुरुवात करा. ती तुमच्या दारात आहे आणि बहुतेक ठाणेकर ती फक्त लोकलच्या खिडकीतून बघतात. ठाणे खाडीतलं सुमारे १,६९० हेक्टरचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा) दर्जा मिळाला. ऐरोलीत वनखात्याच्या कांदळवन (तिवरांचं जंगल) कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, बोटी तिथूनच सुटतात. कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्सहार्बरने (ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल) ऐरोली, पुढे रिक्षा. घरापासून तासाभरात पोचाल.

आता महत्त्वाचं. खाडीवर गेलेले निम्मे लोक "काही दिसलं नाही" म्हणत परत येतात, कारण ते सवडीने जातात, भरती-ओहोटी बघून जात नाहीत. रोहित (फ्लेमिंगो) चिखलात चोच उलटी धरून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी खाडीत पसरतात. पूर्ण भरतीला तोच चिखल पाण्याखाली जातो, मग थवे उठतात आणि नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला, डीपीएस शाळेमागचा तलाव, टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या परिसरातली पाणथळ, अशा उथळ जागी येऊन थांबतात. म्हणून भरतीच्या वेळी काठावरून बघायचं तर नेरूळ, आणि पाणी उतरत असताना बोटीतून बघायचं तर ऐरोली. उलट केलंत तर दोन्हीकडे नुसतं पाणी किंवा नुसता चिखल.

बोटीच्या वेळा रोज बदलतात त्या यामुळेच. फार कमी पाण्यात बोट चालत नाही, फार जास्त पाण्यात पक्षी नसतात. मधला जो काही वेळ उरतो त्यात फेऱ्या होतात. आधी बुकिंग केल्याशिवाय रविवारी जाऊ नका, आणि दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. पाणी उतरत असतं, तुमच्यासाठी बोट थांबवता येत नाही.

महिना: नोव्हेंबरात पक्षी यायला लागतात, पण अलीकडे चांगली संख्या जानेवारीनंतरच दिसते. तुमच्या चार महिन्यांत मी फेब्रुवारी निवडीन. मार्च-एप्रिलमध्ये रंग जास्त गडद असतो, पण ऊन सासूबाईंना सोसणार नाही.

मुलांना आधी एवढं सांगून ठेवा: छोट्या रोहितची चोच गडद, जवळजवळ काळपट लाल. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. करडे, मळकट दिसणारे पक्षी आजारी नसतात, ती पिल्लं असतात. गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि तो चढायला दोन-तीन वर्षं लागतात.

रोहित नाहीच दिसले तरी केंद्राच्या आवारातल्या तिवरांखाली दहा मिनिटं खाली बघत उभे राहा. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली टोकं ही मुळं आहेत. चिखलात हवा नाही, म्हणून झाड श्वास घ्यायला मुळं वर काढतं. त्या मुळांमधून बोटभर लांबीचा, डोळे डोक्यावर आलेला मासा चिखलावर चालताना दिसेल. तो निवटी. पुढच्या दोन परांवर कोपर टेकल्यासारखा सरकतो आणि सावली पडली की टुणकन बिळात जातो. सहा वर्षांच्या मुलाला लांबच्या गुलाबी रेषेपेक्षा हा जास्त आवडेल, कारण तो जवळ असतो.

गुडघ्यांचं: केंद्राचा परिसर सपाट आहे. त्रास होईल तो बोटीत पाय टाकताना. हाताला धरणारा माणूस पुढे उतरलेला असावा, मागे नाही. डास असतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

पाषाणवेडा

माझं मत अंबरनाथला. अंबरनाथ म्हटलं की लोकांना एमआयडीसी आठवते. पण ठाणे जिल्ह्यात दगडावरचं शिलाहार काळाचं काम याच्या तोडीचं दुसरं नाही, आणि ते स्थानकापासून दोनेक किलोमीटरवर आहे. कळव्याहून अंबरनाथ किंवा बदलापूर धीमी पकडा, पूर्वेला उतरा, रिक्षाला "शिवमंदिर" एवढंच सांगा.

उत्तरेकडच्या दाराच्या वर शिलालेख आहे, शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६०. काम शिलाहार राजा छित्तराज याच्या वेळी सुरू झालं आणि त्याच घराण्यातल्या मुम्मुणीच्या काळात पूर्ण झालं. शिखर आज पुरं नाही, गाभाऱ्यावर आकाश दिसतं. जो भाग उरला आहे त्यावर एकावर एक रचलेल्या छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा दिसतील. ही भूमिज शैली, आणि ती कळायला इथे सोपी पडते, कारण बांधणी अर्धवट उघडी आहे.

देऊळ पश्चिमाभिमुख आहे, ही गोष्ट बघण्याची वेळ ठरवते. सकाळी समोरचा भाग सावलीत असतो, मागची आणि दक्षिणेची भिंत उजळते. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने उत्तरेची भिंत दिवसभर सावलीत राहते. तिथली शिल्पं फोटोत सपाट येतात, डोळ्यांनीच बघा. साडेआठ-नऊला पोचा आणि दक्षिणेच्या भिंतीपासून फिरायला लागा. तिरक्या उन्हात कोरीव कामाला उठाव येतो. बारानंतर तीच भिंत निस्तेज दिसते. एरवीही काळ्या पाषाणावर हजार वर्षांचा पाऊस पडला आहे, चेहरे झिजले आहेत. चेहरा शोधू नका, हातातल्या वस्तू शोधा. त्रिशूळ, डमरू, डोक्यावर ताणून धरलेलं हत्तीचं कातडं (तो गजासुराला मारणारा शिव). अकरा वर्षांच्या मुलाला हा खेळ दीड तास पुरतो. आणि तळाशी कोरलेले हत्ती मोजायला धाकट्याला लावा.

सासूबाईंसाठी: बाहेरून प्रदक्षिणा सपाट आहे, मंडपापर्यंत थोड्याच पायऱ्या. पण गाभारा मंडपाच्या बराच खाली आहे. साधारण वीस पायऱ्या उतराव्या लागतात, अंधार असतो आणि अभिषेकाच्या पाण्याने दगड ओला असतो. त्यांचा त्रास उतरण्याचाच आहे म्हणता, तर त्यांना मंडपातच बसवा. तिथले चार खांब आणि वरचं छत हेच मंदिरातलं सगळ्यात निवांत बघण्यासारखं काम आहे. छताकडे बघायला मान वर धरू नका, फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करून तो आडवा धरा आणि त्यात बघा.

टाळायचे दिवस: सोमवार, सबंध श्रावण, महाशिवरात्र. शेजारून वालधुनी वाहते. कोरड्या महिन्यांत तिला वास येतो, आधीच सांगून ठेवतो. जेवणाचा डबा तिथे उघडू नका, स्थानकाजवळ परत येऊन खा.

हे पटलं तर पुढच्या वेळी लोनाड. कल्याण आणि भिवंडीच्या मधे, नाशिक महामार्गापासून आत. तिथे खंडेश्वरीचं लेणं आहे, ओसरीचे खांब आणि डाव्या बाजूला राजसभेचं एक शिल्पपट. गावात पडकं शिलाहारकालीन शिवमंदिरही आहे. पण तिथवर नियमित वाहन नाही, लेण्यापाशी थोडा चढ आहे, सावली नाही. परतीची रिक्षा थांबवून ठेवावी लागते. ज्येष्ठांना घेऊन नको, तुम्ही दोघं आणि मोठा मुलगा एवढेच जा.

कळवेकर

दोघांचेही आभार. अंबरनाथ नक्की झालं. तिवर, भरती-ओहोटीची वेळ आधी कशी कळते? दर वेळी इंटरनेटवर शोधायचं का? आणि पाण्यातून थोडा लांबचा प्रवास, पण गेटवेची गर्दी नको, असं काही आहे का? धाकट्याला होडीचं वेड आहे.

धक्क्यावरून

आहे. उरण-मोरा फेरी. जाताना रेल्वे, येताना लाँच, आणि एकाच रस्त्याने परत यायचं नाही.

नेरूळ-उरण मार्ग खारकोपरपर्यंत २०१८ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये थेट उरणपर्यंत गेला. अजूनही बऱ्याच जणांना तो माहीत नाही. कळवा-ठाणे, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने नेरूळ, तिथे उरण गाडी. गाड्या हार्बरसारख्या दर पाच-दहा मिनिटांनी नाहीत, म्हणून नेरूळहून सुटणाऱ्या गाडीची वेळ आधी बघा आणि मग ठाण्याची गाडी ठरवा. एक गाडी चुकली की पाऊण-एक तास बाकावर. सीवूड्सनंतर गाडी पनवेल खाडी ओलांडते. दोन्ही बाजूंना तिवरांचं रान आणि पाणी, त्या वेळी मुलं दाराजवळ नको, खिडकीशी हवीत. स्थानकं नवी आहेत, शौचालयाची अडचण तिथेच उरकून घ्या.

उरणला उतरल्यावर दोन पर्याय. पीरवाडीचा किनारा रिक्षाने जवळ आहे, तासभर बसायला छान, पण खडकाळ आहे आणि भरतीला वाळू फार उरत नाही. पोहण्याची जागा नाही. किंवा सरळ गावात जेवा आणि मोरा बंदर गाठा.

मोऱ्याहून मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. पाऊण-एक तास. लाँचमध्ये उजव्या बाजूला बसा: घारापुरीचे डोंगर त्या बाजूने सरकतात, मागे न्हावाशेवाच्या क्रेन दिसतात, आणि समोर मुंबई हळूहळू वर येते. एका तिकिटात एवढं बंदर बघायला दुसरीकडे मिळत नाही.

बिघडतं कुठे? मोऱ्याला गाळ साचतो. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटी इतकी खाली जाते की लाँच धक्क्याला लागत नाही आणि फेऱ्या काही तास थांबतात. मग दुपारी उन्हात बंदरावर बसून राहावं लागतं. त्याशिवाय पाणी खाली असलं की धक्क्याच्या जास्त पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर शेवाळ असतं. तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्यांना हेच सगळ्यात वाईट. म्हणून भरतीच्या आगेमागे दोन तासांतच मोऱ्याला पोचायचं. तेव्हा लाँचची कड धक्क्याच्या पातळीला येते आणि एका पावलात आत जाता येतं. नेहमीच्या चपला नको, मागून पट्टा असलेल्या हव्यात.

वारा जास्त असेल आणि बंदरावर तीन नंबरचा (धोक्याची सूचना देणारा) बावटा लागला असेल तर लाँच बंद. हिवाळ्यात असं क्वचित होतं.

भाऊच्या धक्क्यावर उतरलात की टॅक्सीने डॉकयार्ड रोड. तिथून हार्बरने कुर्ला, कुर्ल्याला धीमी. कळव्याला जलद थांबत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. आणि रविवारी मेगाब्लॉक असतो. शनिवारी संध्याकाळी वेळापत्रक जाहीर झालेलं असतं, ते बघितल्याशिवाय ही फेरी ठरवू नका. या फेरीत चार मार्ग लागतात, एकावर जरी ब्लॉक असला तरी दोन तास वाढतात.

रानवाट

वरचं सगळं बरोबर. मी फक्त दोन गोष्टी घालतो, कारण असे धागे वाचून लोक हमखास पुढे कर्नाळा आणि पांडवकडा शोधतात.

कर्नाळा चांगला आहे, पण पूर्ण कुटुंबाने किल्ला चढायचा हट्ट धरू नका. पनवेलहून सुमारे १२ किलोमीटर, गोवा महामार्गावरच अभयारण्याचं दार. एसटीत चढण्याआधी "कर्नाळ्याला थांबणार का" विचारा, सगळ्या थांबत नाहीत. किल्ल्याला तास-दीड तास चढ आहे, शेवटचा टप्पा उभा. वर तो अंगठ्यासारखा सुळका, पायथ्याशी खोदलेली टाकी आणि कोठारं. सुळक्याला आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, फटाका, दगड मारणं यातलं काहीही झालं तर मधमाश्या अख्ख्या गटावर येतात आणि पळायला जागा नाही. ११ वर्षांचा मुलगा चढेल, सहा वर्षांचं मूल आणि ७१ वर्षांच्या बाई खाली थांबतील. खाली दाराजवळच्या सपाट वाटांवर सकाळी आठच्या आत गेलात तर पक्षी भरपूर. दहानंतर सहलींचा गोंगाट, पक्षी आत सरकतात. प्लास्टिकच्या बाटल्या दारावर मोजतात, स्टीलची बाटली न्या म्हणजे तो वेळ वाचेल. येताना वाटेत शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव.

खारघरचा पांडवकडा पावसाळ्यात बंद असतो आणि तो बंदच राहू द्या. वरच्या पठारावर पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. खाली ऊन असताना लोंढा येतो. आजवर तिथे माणसं गेली आहेत. मागच्या बाजूने नेतो म्हणणाऱ्या कुणाबरोबर मुलांना घेऊन जाऊ नका. हिवाळ्यात तिथे पाणीच नसतं, त्यामुळे तुमच्या महिन्यांत त्याचा काही उपयोग नाही.

तिवर

भरतीचा हिशेब कोळीवाड्यात जसा करतात तसा करा, इंटरनेट लागत नाही. कालनिर्णयात तिथी बघा, तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. पक्ष कुठलाही असो, मोजणी प्रतिपदेपासून.

एकादशी: अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती, मग सव्वासहा तासांनी, अडीचच्या सुमाराला ओहोटी. रात्री पुन्हा भरती, साधारण पावणेनऊला. अष्टमी: सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या पुढे भरती, दुपारी बाराला पाणी खाली. तृतीया: सव्वादोन.

यात अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, आणि खाडीत आत, ऐरोली-विटाव्याकडे, मुंबई बंदरापेक्षा पाणी थोडं उशिरा चढतं. एक चूक सगळे करतात: तिथी सूर्योदयाची बघतात आणि ती दुपारी बदललेली असते. कालनिर्णयात तिथी किती वाजेपर्यंत आहे ते दिलेलं असतं, तेही वाचा. सप्तमी-अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी फार चढतही नाही आणि उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाण.

आता तुमच्या फेऱ्यांना लावून बघा. ऐरोलीच्या बोटीसाठी दशमी-एकादशीचा रविवार चांगला: साडेसात-सव्वाआठला भरती, दहाच्या पुढे चिखल उघडा पडायला लागतो, ऊन तापायच्या आत परत. बोटीची नेमकी वेळ केंद्राकडूनच घ्या, हा हिशेब फक्त रविवार निवडण्यासाठी. त्याच दिवशी सकाळी लवकर निघालात तर आधी आठला सीवूड्सहून रिक्षाने डीपीएसचा तलाव बघता येतो. तलावाला खाडीचं पाणी मिळण्याच्या वाटा तुंबल्या की शेवाळ साचतं आणि पक्षी उतरत नाहीत, तसं दिसलं तर थांबू नका, सरळ ऐरोली.

मोऱ्यासाठी तृतीया-चतुर्थीचा रविवार. सव्वादोन-तीनला भरती, जेवून निघालात की धक्क्याला पाणी भरलेलं असेल आणि सासूबाईंना शेवाळाच्या पायऱ्या लागणार नाहीत. फक्त तुमचं चार-पाचचं गणित जमणार नाही, घरी सहा वाजतील. द्वादशी-त्रयोदशीला भरती सकाळी नऊ-पावणेदहाला, म्हणजे दुपारी लाँच अडकायची शक्यता जास्त. त्या दिवशी अंबरनाथ करा, तिथे पाण्याचा प्रश्न नाही.

कळवेकर

मुलाने आत्ताच भिंतीवरचं कालनिर्णय काढून फेब्रुवारीतल्या सगळ्या रविवारांची पाऊणपट मांडली. एक रविवार दशमीचा निघाला. ऐरोलीला फोन करते.